आक्काचा चार्ट

वाच, वाच. लाइट गेली म्हणून नर्सिंग कौन्सिल परीक्षा पुढे ढकलत नाही. कंदील जवळ ओढ आणि पान उलट. टायफॉइड आलं ना? मग सांग बघू, पहिल्या आठवड्यात ताप कसा चढतो?

बरोबर. जिन्याच्या पायऱ्यांसारखा. सकाळी जरा खाली, संध्याकाळी वर, पण रोज कालच्यापेक्षा एक पायरी जास्त. नाडी? तापाच्या मानाने संथ. आणि तिसऱ्या आठवड्यात ताप एकदम उतरला, नाडी मात्र पळायला लागली, तर काय समजायचं? आतडं फाटलं असेल, सर्जनला बोलवायचं. शाब्बास. गाइडात याच्याखाली तू लाल रेघ मारलीस, ते बरं केलंस.

तू मघाशी विचारलंस, मावशी, त्या जाड वहीत रोज सकाळ-संध्याकाळ काय लिहितेस? आजवर मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण मलाच त्याचा उलगडा झालेला नाही. पण आज सांगते. आज सांगणं भाग आहे.

चौऱ्याऐंशी साल असेल, नाहीतर पंच्याऐंशी. मी जालन्यात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि दोनदा नापास झाले होते. ही तिसरी खेप, आणि शेवटची. बापाने बसस्टँडवरच बजावलं होतं, "नंदे, यंदा न्हाई झाली तं गपगुमान लग्नाला उभी राह्यची. लई खर्चा झाला." मला लग्नाची भीती नव्हती, पण ज्याचं स्थळ आणलं होतं त्याची होती. म्हणून मी जीव तोडून घोकत होते.

आमच्या शाळेत प्रात्यक्षिकाच्या खोलीत एका खाटेवर रबराची बाई होती. माणसाएवढी, डोळे उघडे, अंगावर हॉस्पिटलचा हिरवा झगा. तिच्यावरच आम्ही अंग पुसायला, चादर बदलायला शिकलो. कुठल्या तरी जुन्या बॅचने तिचं नाव आक्का ठेवलं होतं. ट्यूटर बाईंची शिस्त अशी, की आक्काला हात लावण्याआधी विचारायचं, "आक्का, कूस बदलू का?" आणि सकाळी सहाला, संध्याकाळी सहाला तिचा ताप, नाडी, श्वास मोजून पायथ्याच्या चार्टवर लिहायचं. रबराचा कसला ताप? आम्ही मनाला येईल तो आकडा टाकून मोकळ्या व्हायचो. बाई एवढंच बघत, की चौकोन रिकामा नाही.

परीक्षेआधी अभ्यासाची सुट्टी लागली तेव्हा नवा चार्ट लावला. आम्ही बारा जणी, पाळीपाळीने लिहायचो. एकच दिवस चुकला. अंगारकी आली, आणि आम्ही साऱ्या पहाटेच्या गाडीने राजूरच्या गणपतीला गेलो. पास व्हायला नवस नको का? माझी मैत्रीण हसीनासुद्धा आली. "पास होना है ना," म्हणाली, "जिथं मिळंल तिथं मागून ठिवते." गर्दी मरणाची. सकाळचा चौकोन तसाच राहिला. परतीची गाडी जेमतेम मिळाली, आणि दिवेलागणीला हसीनाने पळत जाऊन संध्याकाळचा आकडा लिहिला. तो चार्टचा नववा दिवस होता.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दुपारी बाईंनी मला सांगितलं, परीक्षक येणार आहेत, चार्टवरचे ठिपके शाईने नीट जोडून ठेव. ऑक्टोबरचं ऊन तावदानातून खाटेवर आलं होतं. खोलीत तापलेल्या रबराचा आणि डेटॉलचा वास होता. हसीना खिडकीत बसून गाइड वाचत होती आणि मी पट्टी लावून ठिपके जोडत होते.

"पहिला हप्ता," हसीना वाचत होती, "ताप जिन्यासारखा..."

माझी पट्टी थांबली. माझ्या हाताखाली जिना होता. नव्व्याण्णव, शंभर, एकशे एक, एकशे दोन. मग पुढचे बारा दिवस एकशे तीन-चारच्या आसपास. नाडी अठ्ठ्याऐंशी, नव्वद. गाइडातला फोटो उचलून आणावा तसा. बारा वेगवेगळी अक्षरं, त्यात सहा आकडे माझे. मी ते लिहिताना कशाचाच विचार केला नव्हता. पोटात भूक होती, एवढं आठवतं.

एकेकीला गाठून विचारलं. "ठरवून लिहिलंत का गं?" कुणी हसलं, कुणी म्हणालं डोक्यावर पाणी मार. रात्री मी खोल्याखोल्यांतून फिरून बारा जणींच्या तोंडात थर्मामीटर घातलं. कुणालाच ताप नव्हता. मग हा ताप कुणाचा? मला काही कळेना. एवढंच कळत होतं, की आजचा दिवस सतरावा आहे आणि तिसरा आठवडा लागलेला आहे.

दुपारी निघताना मी आक्काच्या कपाळाला हात लावला होता. गरम होतं. उन्हात रबर तापतंच, असं मी मनाशी म्हटलं. पण ऊन पायांवर होतं, आणि पाय गार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हसीनाची पाळी होती. मी तिच्यामागे जाऊन पाहिलं. ताप सत्त्याण्णव. नाडी एकशे अठ्ठावीस.

"हसीना, हे काय लिहिलंस?"

तिचा चेहरा उतरला होता. "मालूम न्हाई गं... मी अठ्ठ्याण्णव लिवणार व्हते. हात आपोआप चालला..."

नऊ वाजता परीक्षा सुरू झाली. मी चिठ्ठी उचलली, अकरा नंबरची खाट आली. चतुराबाई, वय तीस, केदारखेडा, आदल्या संध्याकाळी दाखल. केसपेपरवर मलेरिया लिहिलेलं, गोळ्या सुरू. शेजारी तिचा नवरा कडूबा हरखून उभा होता. "उतरला बाई ताप! राती अंग तव्यावानी व्हतं, आन आता बघा, गार!" पेपरवर सकाळची नोंद होती. ताप सत्त्याण्णव. नाडी एकशे अठ्ठावीस.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

परीक्षक बाई औरंगाबादच्या, चष्म्याआडून बघणाऱ्या. "सांगा, काय दिसतं?"

उत्तर समोर लिहिलेलं होतं. मलेरिया, घाम येऊन ताप उतरला, असं म्हटलं असतं तर मी पास होते. मी म्हटलं, "टायफॉइड. तिसरा आठवडा. आतडं फाटलंय."

"कशावरून?"

"चार्टवरून."

"कुठला चार्ट? ही तर काल आली."

मी पळाले. आक्काच्या पायथ्याचा चार्ट ओढून आणला आणि त्यांच्या हातात दिला. ट्यूटर बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, हा बाहुलीचा चार्ट! वेड लागलंय का तुला?" मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. आपली तिसरी खेपही बुडाली, हे मला उभ्याउभ्या दिसलं, आणि रडू आलं. पण आता मागे फिरणं नव्हतं. मी कडूबाला विचारलं, "किती दिवसांचा ताप?"

"आजचा अठरावा दिस."

"पाचव्या दिवशी संध्याकाळी, ताप एकशे चारावर गेला तेव्हा, बडबडत होती?"

"व्हय. मेलेल्या सासूसंगं बोलून राह्यली व्हती. तुमाला कसं..."

नवव्या दिवसाचं मी अजून विचारलंही नव्हतं. तो आपणहून सांगायला लागला.

"आन अंगारकीला तं सरलीच व्हती, बाई. सकाळधरून श्वास न्हाई, नाडी न्हाई. तिरडी बांधली व्हती. तिचा भाऊ अंकुशनगरला कारखान्यावर, त्याची वाट बघून राह्यलो, म्हणून ठिवली. तो दिवे लागायच्या टायमाला आला... उचलणार, तं हिनं डोळे उघडले."

परीक्षक बाईंनी चार्टवरच्या त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं आणि उचललं. मग चतुराबाईच्या पोटावर हात ठेवला. पोट पाटासारखं कडक होतं. "सर्जनना बोलवा," त्या म्हणाल्या. "जल्दी."

पोट उघडलं तेव्हा आतडं फाटलेलं निघालं. चतुराबाई वाचली. मी पास झाले. परीक्षक बाईंनी त्यावर मला एक शब्दही विचारला नाही, जाताना फक्त चार्ट माझ्या हातात परत दिला.

त्या संध्याकाळी सहाला मी तो चार्ट घेऊन बसले आणि पेन उचलवेना. तिला ताप होता म्हणून आम्ही लिहीत होतो, की आम्ही लिहिलं म्हणून तिला ताप चढला? राजूरहून परतीची आमची गाडी चुकली असती तर? डोळे मिटून मी शंभर लिहिलं आणि वॉर्डात धावत गेले. तिथल्या सिस्टरने थर्मामीटर झटकण्याआधी मला दाखवलं. शंभर.

महिन्याभराने ती घरी निघाली तेव्हा निरोप घ्यायला गेले. तिने माझं मनगट धरलं. "बाई, तुमी रोज यायच्या, बरं वाटायचं. पर तुमी समद्या राजूरला गेल्ता ना, त्या दिशी लई अंधार व्हता."

राजूरला गेल्याचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून एकही चौकोन मी रिकामा सोडलेला नाही. चार्ट भरला, मग वह्या आणल्या. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. तुझ्या आईच्या लग्नातही मी अक्षता टाकायच्या आधी कोपऱ्यात जाऊन लिहून आले, आणि सगळ्या मला विक्षिप्त म्हणाल्या. म्हणू देत.

पण या सोमवारी सकाळी वही उघडली, नेहमीचा आकडा लिहायला पेन टेकवलं, आणि कागदावर नव्व्याण्णव पॉइंट दोन उमटलं. मी खोडलं. संध्याकाळी शंभर उमटलं. माझा ताप पाहिला, नाही. परवा तू झोपली होतीस तेव्हा तुझाही पाहिला, घाबरू नकोस, नाही. केदारखेड्याला माणूस धाडला. कडूबा घर विकून बायकोला घेऊन गेला, त्याला दहा वर्षं झाली. कुठे गेला, गावात कुणाला ठाऊक नाही. आणि तीच आहे की दुसरीच कुणी बाई आहे, कुठल्या घरात पडली आहे, मला काहीच कळत नाही गं.

आजचा संध्याकाळचा आकडा मी लिहिलाय. हा बघ, हाताखाली झाकलाय. तू विचार करू नकोस. मनात पहिला येईल तो आकडा सांग.

...

एकशे दोन पॉइंट दोन?

परत सांग.

हा हात काढला. कंदील इकडे धर आणि वाच.

रडू नकोस. आज चौथा दिवस आहे. तिसरा आठवडा लागायला अकरा दिवस उरलेत. आणि माझ्याकडे तिचा पत्ता नाही.