रविवारी न गळणारा तलाव

"चेंडू तू मारलास, आता नाल्यात तूच उतर!" वकील म्हणाला.

"मारला मी, पण अडवायचा कुणी होता?" असं म्हणत टिटवी कॉलेजच्या कुंपणामागच्या नाल्यात उतरलीसुद्धा.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. तिनं हाक मारली की मैदानाच्या दुसऱ्या टोकाची माणसं दचकत, म्हणून घरच्यांनी ठेवलेलं नाव. वकील तिचा मावसभाऊ, वय वर्षं तेरा. कुणी 'आज ऊन आहे' म्हटलं तरी हा 'पुरावा काय?' विचारणार! आणि त्याची नऊ वर्षांची धाकटी बहीण शेपूट. ती सतत या दोघांच्या मागे असे, म्हणून शेपूट. दर सुट्टीत ही भावंडं टिटवीकडे मुक्कामाला येत.

दर वर्षी या दिवसांत नाला ठणठणीत कोरडा असायचा. या वर्षी मात्र घोटाभर पाणी वाहत होतं, तेही अगदी नितळ! टिटवी चेंडू उचलायला वाकली आणि थबकली.

"अरे, याला ताईच्या केसांचा वास येतोय!"

"काहीही! सांगू का ताईला, तुझ्या केसांना नाल्याचा वास येतो म्हणून?"

"क्लोरीनचा वास रे, शहाण्या! हे पोहण्याच्या तलावाचं पाणी आहे!"

हे ऐकून वकीलही नाल्यात उतरला. गेले चार दिवस घरात त्या तलावाशिवाय दुसरा विषय नव्हता.

टिटवीची ताई याच छोट्या कॉलेजात शिकत होती आणि पोहण्याच्या संघात होती. संघात असेपर्यंत फी माफ. आईबाबांचं इस्त्रीचं दुकान, त्यातून कॉलेजची फी निघणं शक्यच नव्हतं. पण कॉलेजला हल्ली विद्यार्थी कमी मिळत. पैशांची चणचण भासू लागली तसा आधी टेनिसचा संघ गेला, मग अडथळ्यांच्या शर्यतीचा. आता पाळी तलावाची होती. तलावातलं पाणी रोज कमी होई आणि रोज दोन टँकर विकत घ्यावे लागत. एक कंत्राटदार येऊन गेला. त्यानं काठावर उभं राहून, खिशातले हातही बाहेर न काढता सांगितलं, "तळाला भेग पडलीय." दुरुस्तीचा आकडा ऐकून कॉलेजनं कपाळाला हात लावला. सोमवारी सकाळी दहाला तलाव उपसायचा, मातीनं भरायचा आणि ती जागा गाड्या लावायला भाड्यानं द्यायची, असं ठरलं.

संघ बंद, म्हणजे फी माफी बंद, म्हणजे ताईचं शेवटचं वर्ष बुडालं. ती चार दिवस काही न बोलता दुकानात इस्त्री फिरवत होती. तिच्या त्या गप्प बसण्याची टिटवीला भीती वाटायला लागली होती.

तिघं धावत प्राचार्यांच्या खोलीत शिरले. तिथं पोहण्याच्या प्रशिक्षक मॅडम होत्या आणि नेमका तो कंत्राटदारही होता.

"सर, तलावाचं पाणी नाल्यात जातंय!" टिटवी ओरडली.

"हळू, हळू!" प्राचार्यांनी कानावर हात ठेवला.

कंत्राटदार मात्र खूश झाला. "शाब्बास! मी काय म्हणत होतो? भेगेतून झिरपणारं पाणीच ते. घ्या, पोरांनी आयता पुरावा आणून दिला!"

टिटवीचा चेहरा पांढराफटक पडला. ताईला वाचवायला आलो आणि उलट तिलाच गोत्यात आणलं!

बाहेर आल्यावर ती वकिलावर खेकसली, "काहीतरी बोल ना! एरवी तोंड बंद नसतं तुझं!"

"त्या माणसानं भेग बघितली का? नाही! मग ती आहे कशावरून? पाणी उन्हानंही आटतं."

"पण इतकं?"

"मग शेजारी बादली ठेवू या," मागून शेपूट म्हणाली. "बादलीला तर भेग नाही ना!"

दोघं वळून तिच्याकडे बघतच राहिले.

मॅडमनी परवानगी दिली. तिघांनी बादलीत तलावाचंच पाणी भरलं आणि ती तलावाच्या वरच्या पायरीवर अशी ठेवली की आतलं आणि बाहेरचं पाणी बरोबर एका रेषेत यावं. मग दोन्हीकडे चिकटपट्टीची खूण लावली. ऊन दोन्हींना सारखंच. तलावातलं पाणी जास्त उतरलं, तर तो गळतोय.

त्याच दिवशी, शनिवारी संध्याकाळी, बादलीतलं पाणी पेन्सिलीच्या जाडीइतकं उतरलं होतं. तलावातलं चार बोटं!

"गळतोय," वकील पुटपुटला.

"उद्याही ठेवू," टिटवी हट्टानं म्हणाली. घरी जाऊन करायचं तरी काय होतं?

रविवारी सकाळी मॅडमनी कुलूप उघडून दिलं, मुलांनी नवी चिकटपट्टी लावली आणि संध्याकाळी तिघं पुन्हा पायरीवर ओणवे झाले. बादली पेन्सिलभर उतरली होती. आणि तलावही पेन्सिलभरच!

वकिलानं तीनदा बोट लावून मोजलं. मग तो ताडकन उठला. "भेग काय रविवारी सुट्टी घेते?"

"नाल्यातही पाणी नाही!" कुंपणावर चढलेली शेपूट ओरडली.

"शनिवारी होतं आणि आज नाही, असं काय आहे?" टिटवी विचार करू लागली. "पहारेकरी काका! त्यांची आज सुट्टी. म्हणजे... पंप! तलावाचं पाणी गाळायचा पंप तेच लावतात. आज पंप चालूच झाला नाही!"

मॅडमनी तिथूनच प्राचार्यांना फोन लावला. पलीकडचा आवाज दमलेला होता. "मॅडम, बादली दाखवून मी विश्वस्तांना काय सांगू? पाणी नेमकं कुठून जातं ते दाखवा. दहाच्या आत दाखवलंत तर थांबवतो. एकदा तलाव उपसला की माझ्या हातात काही नाही."

सोमवारी आठच्या ठोक्याला तिघं टेकाडावरच्या पंपघरात हजर होते. पहारेकरी काकांनी हिरवं बटण दाबलं आणि पंप घुरघुरू लागला.

"काका, दुसरं काय काय करता?"

"सकाळी हिरवं, संध्याकाळी लाल. मला एवढंच सांगितलंय बाबा! पंपवाला होता त्याला सगळं माहीत असायचं. पण खर्च कमी करायला त्याला गेल्या वर्षी घरी बसवला आणि पंप माझ्या गळ्यात टाकला."

"आणि हा जाड पाइप?"

"गाळणी धुतल्यावर मळकं पाणी यातून नाल्यात सोडतात. एरवी झडपेचं हे चाक बंद."

वकिलानं चाक फिरवून पाहिलं. घट्ट बंद! टिटवीनं मात्र पाइपाला कान लावला. आत पाणी सूं-सूं करत पळत होतं.

"चाक बंद, तरी पाणी चालू? म्हणजे हे चाकच निकामी झालंय! मग तो पंपवाला काय करायचा?"

"पुढं दुसरं चाक असणार!" वकील म्हणाला. "पाइपाच्या मागे चला!"

पाइप भिंतीतून जमिनीखाली गेला होता. ते त्याच दिशेनं नाल्याकडे उतरू लागले. गवत, दगड, पुन्हा गवत. कुठंच काही नाही. साडेनऊ वाजले. फाटकातून कंत्राटदाराची गाडी आत आली, मागे उपसायचं इंजिन. तलावाच्या काठावर संघातले चौदाही जण मान खाली घालून उभे होते. ताई सगळ्यात टोकाला.

"इथं! इथं या!" शेपटीनं मोडक्या अडथळ्यांचा ढीग दाखवला. शर्यतीचा संघ बंद झाल्यावर कुणीतरी ते इथंच फेकले होते. तिघांनी ते धडाधड बाजूला केले. खाली लोखंडी झाकण होतं!

कडीला हात घालून त्यांनी झाकण सरकवलं. आत काळोखी, अरुंद खड्डा. तळाशी काळं पाणी आणि पाण्याच्या वर जेमतेम दिसणारं गंजकं चाक.

"मी मावणार नाही यात," वकील म्हणाला.

"मी मावते. तू त्या कंत्राटदाराला अडव. शेपटे, तू नाल्यावर. पाणी थांबलं की ओरड!"

टिटवी लोखंडी पायऱ्यांवरून उतरू लागली. तिसरी पायरी कड्‌कन तुटली आणि ती धपकन छातीभर पाण्यात पडली. वर बघितलं तर हात पोचेल अशी एकही पायरी उरली नव्हती. ओरडावं का? ओरडलं तर सगळे येतील, बाहेर काढतील आणि दहा वाजतील! तिनं दातओठ खाऊन चाक धरलं. चाक तसूभरही हलेना.

वर वकील पाण्यात सोडायच्या नळीवर मांडी घालून बसला होता.

"ऊठ रे!" कंत्राटदार गरजला.

"लेखी हुकूम दाखवा!"

"कसला हुकूम?"

"तलाव उपसण्याचा! आणि भेगेचा फोटो! फोटो नाही? मग तळाला भेग आहे हे तुम्हाला स्वप्नात दिसलं का?"

संघातली पोरं फिदीफिदी हसली. कंत्राटदार लालबुंद झाला.

इकडे टिटवीनं पाठ भिंतीला टेकवली, दोन्ही पाय चाकाच्या आऱ्यांवर रोवले आणि जीव खाऊन रेटलं. कर्र! चाक जरासं सरकलं. पुन्हा रेटलं. तळव्यांची सालं निघाली. पुन्हा. पुन्हा!

"थांबलं! पाणी थांबलं!" नाल्यावरून शेपटीची किंकाळी आली.

दहाला तीन मिनिटं कमी असताना प्राचार्य त्या खड्ड्याशी येऊन पोचले. ताई त्यांच्याही पुढे धावली होती. तिनं पालथं पडून हात खाली घातला.

"आधी वर ये तू!"

"थांब ग! सर, नाल्याकडे बघा!"

टिटवीनं चाक उलटं फिरवलं. नाला वाहू लागला. चाक बंद केलं. नाला आटला. प्राचार्यांनी तिला हे दोनदा करायला लावलं आणि मग तिथंच एका मोडक्या अडथळ्यावर बसले. ताईनं टिटवीला दोन्ही हातांनी वर ओढून काढलं.

पहारेकरी काकांनी तोवर जुन्या पंपवाल्याला फोन लावला होता. "खालचं चाक? रोज मीच बंद करायचो की! वरचं कधीचं बिघडलंय. मला कुणी विचारलंच नाही," तो शांतपणे म्हणाला.

"म्हणजे त्याचा पगार वाचवला," वकील बोटं मोजत म्हणाला, "आणि दोन टँकर रोज नाल्यात..."

"पुरे," मॅडम हळूच म्हणाल्या.

"बोलू द्या त्याला," प्राचार्य म्हणाले. "चूक माझी आहे. काय काय कापायचं एवढंच मी बघत बसलो. कोण काय काम करतं हे विचारलंच नाही." कंत्राटदार गुपचूप नळी गुंडाळू लागला होता. प्राचार्य त्याच्याकडे न बघता पुढे म्हणाले, "कॉलेजची ओढाताण संपली असं मी म्हणणार नाही. पण या वर्षी तलाव भरायचा नाही आणि संघ बंद करायचा नाही. पंपवाल्याला मी स्वतः बोलवायला जातो. आणि पोरांनो, आम्ही मोठ्या माणसांनी जे करायला हवं होतं, ते तुम्ही केलंत. शाबास!"

"शाबास, पण पुन्हा एकट्यानं अशा खड्ड्यात उतरलात तर माझ्याशी गाठ आहे!" मॅडमनी दटावलं. मग त्या संघाकडे वळल्या. "बघत काय बसलात? पाण्यात!"

धडाधड उड्या पडल्या. चौदातले तेराच. ताई तिथंच होती. तिनं टिटवीला गंज आणि चिखलासकट छातीशी धरलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणानं रडली.

"माझं वर्ष राहिलं ग," ती म्हणाली. "माझं वर्ष राहिलं!"

टिटवीला खूप काही बोलायचं होतं. पण तिलाही रडू फुटलं आणि तिनं ते अजिबात लपवलं नाही.