राखलेला दोडका

"ओ मॅडम, तुमचा दोडका आमच्या हद्दीत आलाय!"

संघमित्राने पाण्याची बादली खाली ठेवली. चारकोपच्या त्या बैठ्या घरांच्या ओळीत दोन परसांमध्ये छातीएवढी भिंत होती. भिंतीपलीकडच्या बंद घराच्या परसात आज एक उंच मुलगा उभा होता.

"वेल आलीय. दोडका अजून धरायचाय," ती म्हणाली.

"आम्ही याला शिराळं म्हणतो."

"मग भिंतीच्या तिकडे शिराळं म्हणा. इकडे दोडकाच."

तो हसला... आणि तिलाही हसू आवरेना. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

तो देवेश. आईवडील कणकवलीला गावी गेले, म्हणून घर सांभाळायला आलेला. अंधेरीच्या एका स्टुडिओत साउंडचं काम करायचा.

परस दहा बाय बाराचं. संघमित्राची आई, कमल, असेपर्यंत ते तिचं राज्य होतं. मेथी, वांगी, मिरच्या, आणि हा दोडका. त्याचं बी तिने रिसोडकडच्या माहेरून लग्नात आणलेलं. दरसाल पेरायचं, दरसाल पुन्हा राखायचं. आठ महिन्यांपूर्वी ती गेली तेव्हा डब्यात सहा बिया उरल्या होत्या. संघमित्राने सहाही लावल्या. एकच उगवली.

देवेश रोज संध्याकाळी भिंतीशी येऊ लागला. मग भिंत ओलांडून.

"काय वास मारतोय यार! यात काय मेलंय?"

"शेण, गूळ, बेसन. जीवामृत आहे, अत्तर नाही. ढवळ."

तो नाक दाबून ढवळायचा. वेल सुतळीला बांधताना बोटांना बोटं लागायची. दोघंही मग वेलीकडेच बघत राहायची, उगाचच. पावसाची सर आली तरी कुणी आत जायचं नाव घेत नसे. बोलता बोलता ती आईच्या माहेरच्या, सोनूबाई मावशीच्या गोष्टी सांगायची. तिने त्याला सगळं शिकवलं. वाळलेलं, पिवळं पडलेलं तोडायचं, बारीक चिरायचं, खताच्या ड्रममध्ये टाकायचं.

एक मात्र सांगायचं राहिलं. भिंतीच्या कोपऱ्यातला सर्वांत मोठा दोडका ती तोडत नव्हती. तो बियाण्यासाठी राखलेला. तिच्या घरात ही गोष्ट कधी कुणाला सांगावी लागलीच नव्हती.

सप्टेंबरात तिच्या ऑफिसात ऑडिट लागलं. तीन दिवस परस देवेशकडे होतं. शनिवारी ती मागे आली, तर तो हात पुसत उभा. कौतुकाची वाट बघत.

"सगळं साफ केलं. एक दोडका तर जून होऊन पिवळा पडायला लागला होता. बारीक चिरून ड्रममध्ये—"

तिने कोपरापर्यंत हात घालून ड्रम उपसला. बिया सापडल्या. पांढऱ्या, मऊ. पिकायला अजून तीन आठवडे हवे होते. "आईचं बी होतं हे. राखलेलं."

"संघमित्रा, मला खरंच माहीत नव्हतं गं..."

"इकडे येऊ नकोस," ती म्हणाली. "परत येऊ नकोस."

वेलीला आणखी दोन फळं धरली. तिने ती राखली. पण पानांवर भुरी आली, पांढरी राख उधळल्यासारखी. तिने आंबट ताक फवारलं. एका सकाळी भिंतीवर औषधाची बाटली ठेवलेली दिसली. तिने ती तशीच पलीकडे ठेवली. आईने कधी औषध मारलं नव्हतं. दसऱ्यापर्यंत वेल वाळली, आणि बी पिकायच्या आत दोन्ही फळंही.

गावी सोनूबाई मावशीकडे बी असणार, हे तिला ठाऊक होतं. पण आईचं बी आपल्या हातून गेलं, हे सांगायला तिला धीर होत नव्हता.

दिवाळीनंतर पलीकडच्या घराला चार दिवस कुलूप होतं. पाचव्या दिवशी देवेश पुढच्या दाराने आला. हात रिकामे.

"रिसोडकडे गेलो होतो. तुझ्या मावशीकडे."

ती उंबऱ्यातच थांबली. "मिळालं?"

"नाही. मावशी म्हणाल्या, आम्ही दहा वर्षं पाकिटाचंच लावतो. कमलकडे आहे म्हणून कुणी राखलंच नाही. यंदा तुझ्याकडे मागणार होत्या..."

ती पायरीवर बसली. म्हणजे ते बी आता कुठेच नव्हतं.

"येताना स्टँडवर एक पाकीट घेतलं होतं," तो हळूच म्हणाला. "गावरान लिहिलेलं. पुडीत बांधून दिलं असतं तर तुला कळलं नसतं."

"फळ धरल्यावर कळलं असतं."

"हो. पण तोवर तू माझ्याशी बोलली असतीस... तासभर हातात धरून बसलो होतो. मग तिथेच टाकून आलो."

तिने मान वर केली. तो खालच्या पायरीवर बसला होता, जरा अंतर ठेवून.

"मावशी रागावली?"

"नाही. विचारत होत्या, 'तू कोन व्हय तिचा?' मी म्हटलं, शेजारी. तर म्हणाल्या, शेजारी बियासाठी एवढ्या लांब येत नसतो बापा, खरं सांग."

"मग?"

"मग सांगितलं. तुला सांगायच्या आधी त्यांना सांगितलं... सॉरी."

"त्यावर काय म्हणाली?"

"म्हणाल्या, जेवून जा."

"काय केलं होतं?"

तो घुटमळला. "दोडक्याची भाजी. पाकिटाच्याच."

"कशी होती?"

"चांगली होती गं," देवेश म्हणाला. "खरंच चांगली होती."

तेव्हा कुठे संघमित्रा रडली. आई गेली त्या दिवशीही रडली नव्हती, तेवढी. एक पायरी खाली सरकून, त्याच्या खांद्यावर कपाळ टेकून.