नाव न घेता ठेवलेली अक्षत

ऐका गं बायांनो, श्रावणातल्या शुक्रवारची गोष्ट. पाण्यात लाकडाचे खांब रोवून त्यावर वसवलेलं एक नगर होतं, त्याचं नाव आम्स्टरडॅम. तिथून आगगाडीनं खाली गेलं की बेस्ट नावाचं गाव. त्या गावात आशुतोष नावाचा पुण्याचा इंजिनिअर राहायचा. त्याची बायको वैदेही आणि त्याची आई सरलाबाई. सरलाबाई लेकाकडे चार दिवस राहायला म्हणून आल्या, तोच करोना आला, विमानं जमिनीला खिळली आणि म्हातारी तिथंच अडकली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्याचं ऑपरेशन पुण्यात राहिलं ते राहिलंच.

घरात खायला-प्यायला कमी नव्हतं. कमी होतं ते पाळण्यात. वैदेहीची कूस दोनदा भरली आणि दोनदा रिती झाली. आता तिसऱ्यांदा दिवस गेलेले, पाचवा महिना सरत आलेला. अशात आषाढात पुण्याहून फोन आला. वैदेहीची आई, चित्राबाई, करोनानं गेली.

नवरा मागं ठेवून गेली, म्हणजे अहेव गेली. अशा बाईचा केवढा मान असतो! मळवट भरतात, हिरवा चुडा घालतात, ओटी भरतात, आळीतल्या बाया पाया पडून जातात. चित्राबाईंना यातलं काही मिळालं नाही. दवाखान्यातच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं आणि नखशिखान्त झाकलेल्या माणसांनी परस्पर नेलं. वडील मनोहरराव घरात कोंडलेले. वैदेहीनं इकडून फोनवर पाहिलं ते काय, तर गाडीचं बंद होणारं दार.

ती रडली नाही. पोटातल्याला धक्का बसेल म्हणून तिनं रडू गिळलं, आणि गिळलेलं रडू काही पचत नाही.

ऑगस्ट आला. त्या देशात ऑगस्ट म्हणजे सगळ्यांची सुट्टी. गाडीला मागं घर जोडून माणसं रानावनात निघून जातात. आशुतोषच्या ओळखीचे आम्स्टरडॅमचे सतीश आणि त्यांची बायको नीलांबरीही निघाले. आशुतोषला म्हणाले, "आमच्या घरी येऊन राहा आठवडाभर. झाडांना पाणी घाला, शहर बघा. एरवी पर्यटकांनी पाय ठेवायला जागा नसते, यंदा सगळं मोकळं आहे."

आशुतोषला वाटलं, बायकोचा जीव जरा रमेल. गेले तिघं.

नगर देखणं होतं, पण तोंड बांधलेलं. कालव्यांत नावा दोरांना बांधून पडलेल्या, वर ताडपत्र्या. खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या, आत माणूस नाही. त्यात ऊन असं, की त्या देशानं कधी पाहिलं नाही. कालव्याचं पाणी हिरवं होऊन वास मारायला लागलं. नीलांबरीचं घर कालव्याकाठी, वरच्या मजल्यावर. जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. वरून एक दोरी खाली सोडलेली, ती ओढली की खालचं दार उघडायचं. खालच्या मजल्यावरचे सुट्टीला गेलेले, शेजारचेही गेलेले. पायरीवर पाय पडला की लाकूड असं कण्हायचं, की सगळ्या घराला कळायचं.

शुक्रवार आला, तशी सरलाबाईंनी कंबर कसली. "जिवतीची पूजा करायची. सवाष्ण जेवायला घालायची. पोटातल्यासाठी मी बोललेय."

"आई, या गावात ऑगस्टमध्ये सवाष्ण शोधायची म्हणजे कालव्यात म्हैस शोधण्यासारखं आहे," आशुतोष म्हणाला.

"तू म्हैस शोधू नकोस, पुरण ढवळ. तोंड चालवतोस तसा हातही चालू दे."

फोन झाले. डेल्फ्टची वृंदा म्हणाली, "काकू, यायची फार इच्छा आहे हो, पण घसा धरलाय. टेस्ट होईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही." सुचेता डोंगरात गेलेली. आणखी एकीनं फोनच उचलला नाही. सरलाबाई स्वतः विधवा, त्यांचं पान चालायचं नाही. वैदेही तर यजमानीण.

शेवटी सरलाबाईंनी तोड काढली. "घर नीलांबरीचं ना? मग तिच्याच नावानं अक्षत ठेवू. पान मांडू, नंतर ते पक्ष्यांना घालू. वैदेही, खाली जा, उंबऱ्यावर अक्षत ठेव. पण नाव घेऊन ठेव हं. बिननावाची अक्षत ठेवू नये कधी. कुणालाही आमंत्रण पोचतं."

वैदेही वाटी घेऊन जिना उतरली. ऐन दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुंकवात भिजवलेले तांदूळ तिनं उंबऱ्यावर ठेवले आणि नाव घ्यायला तोंड उघडलं, तर नीलांबरी येईना. ओठांवर आलं ते आईचं नाव. पण पोटात जीव वाढत असताना मेलेल्या माणसाला जेवायला बोलावायचं कसं? तिनं ते नाव मागं लोटलं. त्याच्या जागी निघून गेलं ते भलतंच.

"जिची ओटी भरायची राहिली असेल," ती पुटपुटली, "तिनं यावं."

वर आली. ऊन आत येऊ नये म्हणून सरलाबाईंनी पडदे ओढलेले, घरात दिवेलागणीसारखा अंधार. पुरणाचा, जायफळाचा, साजुक तुपाचा वास दाटलेला. आशुतोष कानाला यंत्र लावून माळ्यावरच्या खोलीत ऑफिसच्या कामाला बसलेला.

आणि खालची घंटा वाजली.

"बघ! आली का नाही कुणीतरी?" सरलाबाईंनी हरखून दोरी ओढली.

दार उघडल्याचं ऐकू आलं. जिना मात्र कण्हला नाही. वैदेही कान देऊन उभी होती... एक पायरी वाजली नाही, आणि बाई वर दारात उभी.

मध्यम वयाची. अंगावर साडी, तोंडावर मास्क. कपाळ मोकळं. तिच्याबरोबर एक वास आत आला, दवाखान्यातल्या फरशीचा.

"या, या. आत या. हिनं बोलावलं ना तुम्हाला?" सरलाबाईंना धुरकट दिसायचं, त्यांना साडी दिसली तेवढ्यानं समाधान झालं. "कुठल्या तुम्ही?"

"मिरजेची... शामला." आवाज अगदी बारीक. "ताई, दुरूनच वाढा."

"हो बाई, दिवसच तसे आलेत. पुढच्या खोलीत पाट मांडलाय. तुम्ही दार लोटून निवांत जेवा. आम्ही नाही येत जवळ."

ती पाटावर बसली तेव्हा आवाज झाला. साडीचा नव्हे. प्लॅस्टिकची पिशवी चुरगळावी तसा. वैदेहीनं दुरून ताट सरकवलं. बाईनं हात पुढं केला. मनगटात बांगडी नव्हती. दवाखान्यात बांधतात तो कागदी पट्टा होता.

त्या क्षणी वैदेहीच्या पोटातलं बाळ हलायचं थांबलं. सकाळपासून लाथा मारत होतं, ते दगडासारखं गप्प झालं.

दार लोटून ती बाहेर आली. सासूला सांगायला म्हणून गेली आणि दारातच थबकली. सरलाबाई आपल्या जिवतीच्या चित्रापुढं पुरणाचे दिवे लावत होत्या, गुणगुणत होत्या. पुढच्या खोलीतून ना भुरका, ना भांड्याचा आवाज. थोड्या वेळानं दार उघडलं. ताट घासूनपुसून ठेवावं तसं लख्ख होतं.

"वैदेही, ओटी भर त्यांची. मी वाकले की डोळ्यापुढं अंधारी येते." सरलाबाईंनी ताम्हन हातात दिलं. तांदूळ, खण, हिरव्या बांगड्या, नारळ.

जिन्याच्या तोंडाशी ती बाई उभी. वैदेही समोर गेली.

"तुम्ही... माझ्या आईला..."

बाईनं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

"भीत असशील तर नको भरूस," ती म्हणाली. "पोटुशी आहेस. मी जाते तशीच."

तशीच! वैदेहीच्या काळजात ते लागलं. तिची आई तशीच गेली होती. कुणीतरी कुठंतरी भ्यालं होतं, दुरून हात जोडले होते आणि ती तशीच गेली होती. बाळ हलत नव्हतं. ही ओटी भरली तर माझी रिकामी होईल का? हे मनात आलं, आणि तरी तिचा हात ताम्हनात गेला.

तिनं कुंकू लावलं. कपाळ थंडगार. बर्फातून काढल्यासारखं. बांगड्या चढवल्या, पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला.

बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, मास्कच्या कडेवर थांबलं. तिनं रीत पाळली. पदरातली चिमूट उचलून परत ताम्हनात टाकली. आणि वैदेहीच्या पोटात अशी जोरात लाथ बसली, की ती भिंतीला टेकली.

"खाली सांगू का," बाईनं विचारलं, "की इथं ओटी भरतायत म्हणून?"

वैदेहीनं वाकून जिन्यात पाहिलं.

जिना भरलेला होता. एक पायरी सोडून एक, एक पायरी सोडून एक, बाया उभ्या होत्या. औषधाच्या दुकानापुढं त्या दिवसांत उभं राहायचो ना आपण, तशा, अंतर ठेवून. साऱ्यांच्या तोंडाला मास्क, साऱ्यांची कपाळं मोकळी. कुणी बोलत नव्हतं. कुणी पुढं रेटत नव्हतं. खालचं दार सताड उघडं, आणि उन्हात ती रांग कालव्याच्या काठाकाठानं पार पुलापर्यंत गेलेली.

माझी आई यात असेल. हे एकच तिच्या मनात आलं.

ती जिना उतरायला लागली. प्रत्येकीपुढं थांबायची, कुंकू लावायची, पदरात चिमूट घालायची आणि डोळ्यांत बघायची. आई? डोळे खाली. पुढची. आई, तू आहेस का? तीही गप्प. कुणी काळी, कुणी गोरी, कुणी तिच्याच वयाची, हातावर अजून मेंदी असलेली. ओटी घेतलेली बाई चिमूटभर तांदूळ परत टाकायची आणि बाजूला व्हायची. कुठं जायची, कळायचं नाही. पुढं पुढं वैदेहीनं विचारायचं सोडलं. जी समोर येईल ती आई, असं धरून भरत राहिली. ताम्हनातले तांदूळ संपेनात. रांगही संपेना.

आशुतोष काम आटोपून खाली आला, तेव्हा ऊन कलंडून खिडक्यांच्या काचा तांबड्या झालेल्या. वैदेही शेवटच्या पायरीवर, उघड्या दारात, ताम्हन मांडीवर घेऊन बसलेली. हात मनगटापर्यंत कुंकवानं माखलेले. हमसून हमसून रडत होती.

"अगं, काय झालं? किती वेळ बसलीयस इथं? बाळ...?"

"बाळ ठीक आहे," ती म्हणाली. "मला रडू दे."

त्यानं ताम्हन उचललं आणि त्याला ते दोन्ही हातांनी धरावं लागलं. तांदळाची रास काठावरून सांडत होती.

वर सरलाबाई म्हणाल्या, "गेली का ती मिरजेची? गुणी होती हो बाई. पायसुद्धा वाजला नाही तिचा."

वैदेहीनं कुणाला काही सांगितलं नाही. ते तांदूळ तिनं धुऊन, नऊ महिने भरेपर्यंत रोज मूठ मूठ शिजवून खाल्ले. मार्गशीर्षात तिला मुलगी झाली. टपोऱ्या डोळ्यांची, खणखणीत आवाजाची. नाव ठेवलं ज्ञानदा. पुढं विमानं सुटली, मनोहरराव येऊन नातीला मांडीवर घेऊन बसले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले. सरलाबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता त्या सुईत दोरा ओवतात आणि दर उन्हाळ्याला लेकाकडे येतात. बेस्टमध्ये बागेचं घर घेतलं. वैदेहीला नोकरी लागली. रितं होतं ते भरलं. ऐकणाऱ्या लेकीबाळींचंही असंच भरो.

पोर मात्र पक्की तिकडची. मराठी सगळं समजतं, पण बोलते डच. हो म्हणायचं तर 'या', नाही म्हणायचं तर 'ने'. सरलाबाईंनी किती शिकवलं, तरी त्यांना तिकडच्या रीतीनं 'ओमा'च म्हणते. आजी म्हणून तोंडातून निघत नाही.

तिची एकच खोड आहे. जिना उतरताना ती कधी मधून उतरत नाही. भिंतीला पाठ घासत, अंग चोरून, एका कडेनं येते. गर्दीतून यावं तशी. परवा तशीच येत होती, मधेच थांबली, आणि स्वच्छ मराठीत हसून म्हणाली, "सरक ना, आजी."

स्वयंपाकघरातून सरलाबाईंनी हाक दिली, "मला म्हणालीस का गं?"

"ने, ओमा," ज्ञानदा म्हणाली.

जिन्याखाली वैदेही उभी होती. तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि एक पाऊल मागं सरली, वाट मोकळी करून.