बातमी घडते तिथेच बातमीदार

पिकअपची किल्ली फिरवली की समोरचे सगळे दिवे लख्ख लागत, पण इंजिन ढिम्म. हौसामावशीने किल्ली पुन्हा फिरवली, मग जरा रागाने फिरवली. रागावलं की यंत्रं ऐकतात असा तिचा जुना समज. अनुभव उलटा असला तरी समज कायम होता.

मागच्या टाकीत खडस माशांची बोटाएवढी पिल्लं होती. नदीतून नाहीशी झालेली ही जात सोबत आलेल्या सुनेत्राने शाळेच्या हौदात वाढवली होती. आज ती घाटमाथ्यावरच्या डोहात सोडायची होती. टाकीत हवा सोडणारा मोठा पंप इंजिनावर चाले. टाकीचं झाकण तपासायला मावशीने चढावर पिकअप थांबवली, इंजिन बंद केलं, आणि आता बॅटरीवरचा छोटा पंप एकटाच धापा टाकत होता. पिल्लं पाण्यावर तोंडं काढू लागली होती.

"ढकलून चालू करू," मावशी म्हणाली.

"आपोआप गिअर बदलणारी गाडी ढकलून चालू होत नाही," खटपट्या म्हणाला. हा शाळेचा यंत्रमानव. विजेच्या गाड्यांत वाढलेला, त्यामुळे डिझेलच्या पिकअपकडे तो खापरपणजोबांकडे बघावं तसा बघे. "माझ्याकडचा नकाशा दुसऱ्याच गिअरबॉक्सचा आहे. इथे नेटवर्कही नाही."

"म्हणजे तू नुसतं ओझंच की रे."

सुनेत्राचं लक्ष टाकीकडे होतं. "दिवे लागतात, म्हणजे बॅटरी ठीक. पण स्टार्टरचा (इंजिनाला पहिला धक्का देणाऱ्या मोटरचा) साधा 'टक'सुद्धा येत नाही. त्याला हुकूम कोण देतं?"

"गाडीतला संगणक. पण गिअर न्यूट्रलला (चाकांना जोर पोचत नाही अशा जागी) आहे, ही खबर मिळाल्यावरच. नाहीतर गाडी चालू होताच उडी घेईल. खबर एक स्विच देतो. तो कुठे बसवलाय, ते मला ठाऊक नाही."

सुनेत्राने बॉनेटखाली पाहिलं. वायरींचा नुसता गुंता. त्यातला एकच सेन्सर (मोजून कळवणारा भाग) ती ओळखत होती, उष्णतेचा. तो बसला होता इंजिनातलं तापलेलं पाणी नळीत शिरतं तिथे. तेलाचा दाब मोजणारा कुठे असेल? तेलाच्या वाटेवर. दुसरीकडे बसून त्याला कळणार काय?

"बातमी घडते तिथेच बातमीदार बसवलाय," ती हळूच म्हणाली. "खटपट्या, गिअरच्या दांडीचा माग काढ. ती गिअरबॉक्समध्ये शिरते तिथे बघ. मागच्या टोकाला, चाकांकडे दांडा निघतो तिथे, वेग मोजणारा असेल, तो नकोय."

मावशीने हँडब्रेक ओढलेला असूनही चाकांमागे दगड लावले. खटपट्या खाली सरपटत गेला.

"सापडला. त्याच्या वायरचा प्लग चिकट आहे. हळदही लागलीय."

मावशी अचानक दरीचं सौंदर्य न्याहाळू लागली.

"मावशी?"

"खंडेनवमी आज. चाकांपुढे नारळ सगळेच वाढवतात. घाट चढवतो तो गिअरबॉक्स, त्याला कुणी विचारतं का? म्हणून निघताना वरून ओतलं थोडं नारळपाणी. इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं हो, तुझ्या माशांसाठी."

"नारळपाण्यात क्षार असतात," खालून आवाज आला. "त्यातून वीज वाहते. प्लगातले जे खिळे एकमेकांपासून वेगळे राहायचे ते जोडले गेले, आणि संगणकाला खोटी खबर गेली."

किल्ली काढून बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने प्लग धुतला. त्यात क्षार जवळपास नसतात. पण आतल्या फटीत फडकं शिरेना. वाळवायला हवेचा झोत हवा होता, आणि झोत एकच होता, छोट्या पंपाचा.

तिघंही टाकीकडे बघू लागले.

"नळी घे, खटपट्या," सुनेत्रा म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

बुडबुडे थांबले. पिल्लं पृष्ठभागावर दाटली. एक कलंडलं. सुनेत्राने टाकीत हात घालून पाणी घुसळायला सुरुवात केली. तेवढीच हवा मिसळेल. खाली झोत फुसफुसत होता.

"कोरडा झाला. जोडला." खटपट्या बाहेर आला.

या वेळी मावशीने किल्ली अगदी हलक्या हाताने फिरवली. टक. मग इंजिन गुरगुरलं, आणि मोठ्या पंपाने टाकीत बुडबुड्यांची रांग सोडली. पिल्लं एकेक करून खाली गेली. कलंडलेलं शेवटी, पण गेलं.

डोहापाशी त्यांना सोडताना सुनेत्राने विचारलं, "नदीतही असे बातमीदार बसवता येतील? हवा कमी पडली की कळवणारे?"

"येतील. पण कुठे बसवायचे?" खटपट्याने विचारलं.

सुनेत्रा प्रवाहाच्या कडेने निघालीसुद्धा होती, पाणी संथ होऊन हवा कमी मिसळते ती जागा शोधत.