उमटलेली बोटं

“अरे, हे काय... हे काय झालंय तुझ्या हाताला?”

माईच्या हातातली कात्री मेजावर आदळली. तिच्या शिवणाच्या अरुंद दुकानात उभ्या असलेल्या धाकट्यानं उकडतंय म्हणून शर्टाची बाही सहज वर सारली होती, आणि कोपराच्या खाचेपासून मनगटाच्या दिशेनं पसरलेला काळानिळा डाग तिच्या डोळ्यांसमोर आला होता... कडेनं पिवळट पडत चाललेला, तिच्या अगदी ओळखीचा!

“काही नाही गं माई, रक्त काढलं ना तपासायला, तिथला आहे. माझं असंच असतं. सुई टोचली की अख्खा हात निळा,” तो हसला. “ताईला माझा बोन मॅरो द्यायचा ठरलंय. आमचा मेळ अगदी तंतोतंत जुळलाय म्हणे! भांडायच्या वेळी कधी जुळला नाही, आता जुळला.”

माईला हसू आलं नाही. तो त्याला वाढवणाऱ्या मावशीच्या नकळत अधूनमधून पँट आखूड करून घ्यायच्या निमित्तानं येत असे, आणि त्याच्याकडूनच तिला कळलं होतं की तिच्या खारूला रक्ताचा कॅन्सर झाला आहे. तिची खारू! तिनं पोटी जन्म दिलेला नसेल, पण खिडकीच्या गजांवर सरसर चढणाऱ्या त्या पोरीला हे नाव तिनंच दिलं होतं, आणि पोरीनं ते आनंदानं मिरवलं होतं.

तो गेल्यावर तिला जुनं सगळं आठवत राहिलं. त्या घरात ती दुसरेपणावर आली होती. नवऱ्याची पहिली बायको धाकट्याच्या जन्मानंतर गेली होती, रक्त थांबता थांबलं नव्हतं तिचं. खारूच्या नडग्यांवर, पाठीवर, दंडावर सदानकदा डाग असायचे. घरी आलेली मावशी, म्हणजे पहिलीची थोरली बहीण, ते डाग बघायची, ओठ घट्ट मिटून घ्यायची आणि काही न बोलता निघून जायची. मग एकदा चेंडूमागे पोर थेट रस्त्यावर धावली, समोरून ट्रक आला, आणि माईनं जिवाच्या आकांतानं तिचा दंड धरून मागे खेचलं. पोर वाचली, पण त्या इवल्याशा दंडावर माईची पाचही बोटं उमटली! ती बोटं मावशीनं पाहिली मात्र, आणि मग कुणी काही ऐकून घेतलंच नाही. मावशी दोन्ही मुलांना घेऊन गेली. नवरा जमिनीकडे बघत राहिला... त्याच्या त्या गप्प राहण्यानं माई जितकी मोडली तितकी मावशीच्या शिव्यांनीही मोडली नव्हती. पुढे तोही वारला, आणि तिची बाजू घेऊ शकणारं असं कुणी उरलंच नाही.

खरं सांगायचं तर तिचा स्वतःवरचाही विश्वास उडाला होता. आपले हात खरंच इतके राकट आहेत का, हा विचार तिला पोखरत राहिला. तेव्हापासून तिनं शेजारपाजारचं एकही मूल उचलून घेतलं नव्हतं. कुणी बाळ पुढे केलं की ती हात मागे घ्यायची, आणि लोक म्हणायचे, बाईला माया अशी नाहीच!

आणि आता धाकट्याच्या हातावर तोच डाग होता. त्याला तर कुणीच मारलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मावशी आधीच बसलेली होती. माईला दारात बघताच ती ताडकन उठली.

“तू? आज बरी आठवण झाली! पोर अंथरुणाला खिळल्यावर?”

“ताई, मला डॉक्टरांशी दोनच शब्द बोलायचेत. मग मी जाते.” माईनं हात जोडले. “डॉक्टर, खारूला लहानपणापासून असे डाग पडायचे. काही लागलं नाही तरी पडायचे. नाकातून रक्त यायचं, थांबता थांबायचं नाही. काल मी धाकट्याचा हात पाहिला. त्यालाही तसंच होतंय.”

डॉक्टरांनी समोरचा संगणक बाजूला सरकवला. “पण मी विचारलं होतं यांना. लहानपणी डाग पडायचे का, रक्त लवकर थांबायचं नाही का, म्हणून. या नाही म्हणाल्या.”

“मग काय म्हणणार?” मावशीचा आवाज चढला. “आजार नव्हताच तो! हिचे हात होते ते! आणि आज ही बया स्वतःचा डाग धुवायला आलीय... माझ्या लेकराच्या आजारपणाचा साबण करून!”

माई जागची हलली नाही.

“मी मारलं असंच समजा ताई,” ती म्हणाली. “जन्मभर समजलात, आणखी समजा. कुठे लिहून द्यायचं असेल तर देते, मारत होते म्हणून. पुन्हा तोंड दाखवणार नाही. पण डॉक्टर, धाकट्याची तपासणी केल्याशिवाय त्याचं काही तिला देऊ नका... तुमच्या पाया पडते!”

डॉक्टर हलक्या आवाजात बोलू लागल्या. रक्ताचा कॅन्सर म्हणजे एकच आजार नव्हे, पेशींच्या आत कुठल्या जनुकात बिघाड आहे यावरून त्याची जात ठरते आणि उपचारही ठरतात. खारूच्या पेशींत असा एक बिघाड सापडला होता. तो आजाराबरोबर आलेला आहे असं घरच्यांच्या उत्तरावरून धरून चालले, धाकट्याच्या रक्तातल्या प्लेटलेट थोड्या कमी आल्या तेही मी फारसं मनावर घेतलं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. पण हाच बिघाड कधी कधी जन्मापासून अंगात असतो, आईकडून मुलांकडे येतो, त्यानं लहानपणापासून डाग पडतात, आणि पुढे काहींना कॅन्सर होतो.

“तसं असेल तर भावाचा मॅरो देऊन आपण तिला तोच बिघाड पुन्हा देऊ. सगळं थांबवते. आधी त्याचं रक्त आणि तिच्या त्वचेचा लहानसा तुकडा तपासू.”

मग निकालाची वाट बघण्याचे दिवस आले. शिवता शिवता माईचा टाका चुकायचा, उसवायचा, पुन्हा चुकायचा. कुणालाही वाटेल, आपण निर्दोष ठरावं म्हणून ही बाई देव पाण्यात घालून बसली असेल... पण तिच्या अंतःकरणातली प्रार्थना उलटीच होती! बिघाड निघाला तर धाकट्याच्याही जन्माला तो घोर लागणार होता. “देवा, मीच मारलं होतं असं निघू दे,” ती पुटपुटायची. “मी वाईट निघाले तर चालेल रे... माझं पोर चांगलं निघू दे!”

तिचं ऐकलं गेलं नाही. धाकट्याचा निकाल आधी आला. त्याच्यात तोच बिघाड होता. मागाहून खारूच्या त्वचेनंही तेच सांगितलं.

ही बातमी घेऊन स्वतः मावशी दुकानात आली. उंबऱ्याशीच थबकली. ऐन गर्दीच्या वेळी, ब्लाऊजची मापं द्यायला आलेल्या दोन बायकांच्या देखत ती मटकन खाली बसली आणि हमसाहमशी रडू लागली.

“माझ्या बहिणीच्या पायांवरही असायचे गं डाग! कुणाला धडकून आलीस, म्हणून आम्ही चिडवायचो तिला... आणि मुलं माझ्या घरी आली तेव्हाही पडतच होते! तेव्हा मी म्हणायचे, पोरंच ती, पडायची, धडपडायची. माझ्या घरात पडले तर धडपड, आणि तुझ्या घरात पडले तर मार! डोळ्यांसमोर होतं सगळं, पण मला बघायचंच नव्हतं! मी तुझी लेकरं हिरावली...”

माईनं तिला उठवलं, पाणी दिलं. रागवायला हवं होतं, कितीतरी वर्षं मनाशी घोकलेली वाक्यं होती तिच्याजवळ. पण त्या क्षणी तिला एवढंच विचारावंसं वाटलं.

“धाकट्याला आता काय होईल हो, ताई?”

“दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं. होईलच असं नाही म्हणतात... पण लक्ष ठेवायचं.” मावशीनं डोळे पुसले. “खारूसाठी परका दाता सापडलाय. डॉक्टर म्हणतात, आशा आहे, शाश्वती नाही. ती तुला बोलावतेय.”

खारूच्या खोलीत जाण्याआधी माईनं हात कोपरापर्यंत धुतले, तोंडावर मास्क बांधला. पलंगावर केस गेलेली, खोबणीत डोळे बसलेली एक तरुण बाई पडली होती. पण हनुवटी तीच, गजावरून खाली बघणारी.

“माई...” खारूच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. “मावशीनं तेव्हा विचारलं होतं मला, माईनं धरलं ना इथे? मी हो म्हटलं. ट्रकचं सांगायचं होतं मला... कुणी पुढे विचारलंच नाही.”

“पाच वर्षांची होतीस गं तू! वेडी कुठली. एवढं उरात घेऊन बसलीस?”

खारूनं चादरीतून हात बाहेर काढला. काडीसारखा बारीक, जागोजागी सुयांनी निळा झालेला. माई नकळत मागे सरली. आपले हात तिनं पाठीशी नेले.

“नको बाळा... लगेच डाग पडेल तुला.”

“धर गं, माई,” खारू म्हणाली. “तेव्हा धरला होतास तसा, घट्ट. बोटं उमटली तर उमटू देत.”