तपासलेली यादी

सकाळी साडेनऊला वाचनालयाचं कुलूप उघडत असतानाच ग्रंथपाल बाईंचा फोन वाजला. पलीकडे वाचनालयाचे अध्यक्ष होते, आणि त्यांना आज नमस्कारालाही सवड नव्हती.

"बाई, चोर सापडला."

"कुठला चोर?"

"कर्जावर सल्ला देतो म्हणून आपल्या तीन वाचकांना ज्यानं लुबाडलं तो. तुमचे बँकवाले काका! पाच वाजता पोलिसांत तक्रार देतोय. तुम्ही फक्त सही करायची."

बाईंची किल्ली कुलपातच राहिली. काकांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या कॉम्प्युटरांजवळची एक खुर्ची जणू भाड्यानेच घेतली होती. कुणाचा अर्ज अडला, कुणाला पासवर्ड आठवेना, की काका हजर. चहासुद्धा कुणाचा घ्यायचे नाहीत. अशा माणसावर चोरीचा आळ यावा? बाईंना ते पटेना, आणि का पटेना हेही नीट सांगता येईना.

"पाचपर्यंत थांबा," त्या म्हणाल्या. "सही कुठं पळून जात नाही."

दहा वाजता शिवणवाल्या ताई आल्या. त्या गणवेश शिवून घर चालवायच्या. डोळे सुजलेले होते, पण आवाज ठणठणीत होता.

"ताई, पहिल्यापासून सांगा. सल्ला कुठून घेतलात?"

"इथूनच की! तुमची ती यादी आहे ना भिंतीवर, 'कर्जासाठी भरवशाचा सल्ला'. त्यातलं चौथं नाव, कर्ज सल्ला केंद्र."

"पत्ता टाइप केलात?"

"मला कुठलं येतंय टायपिंग? पडद्यावर तुमच्याच यादीची नावं आहेत, त्यावर दाबलं. काका शेजारी होते. म्हणाले, हे दाबा."

"मग?"

"मग त्या लोकांनी फी मागितली. म्हणाले, सावकाराला हप्ता देऊ नका, आम्हाला द्या, आम्ही तडजोड करतो. चार महिने दिला. आता त्यांचा फोन लागत नाही आणि सोमवारी हप्ता द्या म्हणून सावकार दारात उभा." ताई थांबल्या. "बाई, माझा राग पैशांवर नाही. इतके दिवस त्या म्हाताऱ्याला मी बाप मानलं."

ताई गेल्यावर बाईंनी भिंतीवरची छापील यादी समोर धरून चौथा पत्ता एकेक अक्षर बघत टाइप केला. कर्ज सल्ला केंद्र उघडलं. खाली स्पष्ट लिहिलं होतं: सल्ला मोफत, फी कधीही घेतली जात नाही. नोंदणी क्रमांकही होता. सरकारी यादीत तो शोधला, तिथेही सापडला.

मग त्यांनी पडद्यावरची लिंक दाबली. नाव तेच, रंग तोच, आणि मधोमध एक मोठं बटण: 'आजच प्रवेश फी भरा.'

बाई एकेक करून सहाही कॉम्प्युटरांवर बसल्या. सहाही ठिकाणी तीच भामट्यांची साइट.

म्हणजे यादी खरी आणि लिंक खोटी. लिंक कुणी बदलली? काकांनी?

इथे बाईंचं डोकं चालू लागलं. या कॉम्प्युटरांना एक खोड होती. कुणी पडद्यावर कुत्र्याचं चित्र लावो, कुणी फाइल ठेवून जावो, संध्याकाळी बंद केलं की सगळं पुसून सकाळी मूळचं रूप परत. वाचकाने लिंक बदलली असती तर ती एक दिवससुद्धा टिकली नसती. ही तर चार महिने टिकली होती. म्हणजे बदल मूळ रूपातच झाला होता, आणि त्याला पासवर्ड लागतो. काकांकडे तो नव्हता.

बाईंना हायसं वाटलं. ते फार वेळ टिकलं नाही, कारण पासवर्ड दोघांकडेच होता. एक संगणकवाला. दुसऱ्या त्या स्वतः.

त्यांनी ताबडतोब संगणकवाल्याला फोन लावला.

"मूळ रूपाला शेवटचा हात कधी लावलास?"

"मी? वर्ष झालं असेल बाई. का हो?"

"नक्की?"

"तुमच्याकडे वही आहे ना? पासवर्ड वापरला की वहीत लिहायचं, हा तुमचाच नियम. मी एकदा विसरलो म्हणून मला केवढं झापलं होतंत!"

वही कपाटात होती. बाईंनी ती काढली नाही. आधी काकांना भेटून येऊ, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या वही उघडायचं टाळत होत्या.

काका घरी खिडकीशी बसले होते. वाचनालयात यायचं नाही, असा अध्यक्षांचा निरोप त्यांना कालच मिळाला होता.

"काका, तुम्ही तिघांनाही ती लिंक दाखवलीत?"

"दाखवली."

"बँकेत आयुष्य काढलंत. आधी फी मागणारा सल्लागार बघून संशय आला नाही?"

"आला."

"मग?"

"मग विचारलं एका माणसाला. तो म्हणाला, तपासलेलं आहे. मी विश्वास ठेवला."

"कोण तो माणूस?"

"जाऊ द्या. बोट माझं होतं. मी स्वतः केंद्राला फोन करून विचारायला हवं होतं, नाही केलं. त्या पोरीचे पैसे गेले ते माझ्या बोटामुळे. होऊ द्या तक्रार."

"काका, निरपराध माणूस असं बोलतो का?"

"मी निरपराध आहे असं कुठं म्हणालो?"

बाई परत आल्या. कपाट उघडलं आणि वही टेबलावर ठेवली. चार महिन्यांपूर्वीची एकच नोंद होती. तारीख, वेळ, आणि कारण: 'पान उघडत नव्हते, लिंक दुरुस्त केली.' खाली सही होती. ती ओळखायला बाईंना चष्मा लावावा लागला नाही.

अर्धा तास त्या तशाच बसून होत्या. एक वाचक पुस्तक बदलून मागायला आला आणि बाईंचा चेहरा बघून तसाच परत गेला. पान फाडलं तर? संगणकवाला कशाला बघायला येतोय? काका बोलणार नाहीत. पाचला एक सही केली की प्रकरण मिटलं. हे सगळं बाईंच्या मनात येऊन गेलं, आणि आपल्या मनात असंही येऊ शकतं याची त्यांना लाज वाटली.

पाच वाजता त्यांनी सगळ्यांना वाचनकक्षात बसवलं. अध्यक्ष तक्रारीचा कागद घेऊन आले होते. ताई काकांकडे पाठ करून बसल्या. काकांना बाई स्वतः जाऊन घेऊन आल्या होत्या.

"लिंक बदलणारा माणूस काका नव्हेत," बाईंनी सुरुवात केली. पुसल्या जाणाऱ्या बदलांची आणि पासवर्डाची हकिगत त्यांनी सांगितली.

"मग संगणकवाला!" अध्यक्ष गरजले.

"त्यानं वर्षभरात हात लावलेला नाही. चार महिन्यांपूर्वी एका दुपारी केंद्राची साइट बंद पडली होती. वाचकांची रांग होती. कुणीतरी घाईत केंद्राचं नाव शोधलं, सगळ्यात वर जे आलं त्यावर दाबलं, आणि तेच मूळ रूपात घालून ठेवलं. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'जाहिरात' लिहिलेलं होतं. भामट्यांनी पैसे मोजून ती वरची जागा घेतली होती. त्या माणसानं ते वाचलं नाही. नाव बरोबर, पान उघडतंय, झालं तपासून! दर महिन्याला यादीवर 'तपासली' असा शिक्काही मारत राहिला. पान उघडतं का एवढंच बघायचा, आत काय लिहिलंय ते नाही."

"पण कोण तो?"

बाईंनी वही उघडून अध्यक्षांसमोर सरकवली.

"मी," त्या म्हणाल्या. "आणि काकांना संशय आला तेव्हा त्यांनी विचारलं होतं ते मलाच. तेव्हा मी कार्डं लावत होते. मानही वर न करता मी म्हणाले, काका, आमची यादी तपासलेली असते. आज दुपारपर्यंत मला ते आठवतही नव्हतं. काकांना सगळं आठवत होतं, तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही."

काकांनी मान खाली घातली, जणू पकडले गेले ते तेच.

"पैसे खाणारे भामटे वेगळेच आहेत, त्यांची तक्रार करूच. पण वाचकांना त्यांच्या दारात नेऊन सोडलं ते मी. तक्रारीत तसंच लिहा, सही करते. ताईंच्या सावकारालाही वाचनालयाच्या कागदावर लिहून देते की चूक आमची. नोकरीचं काय ते समिती ठरवेल."

अध्यक्षांनी तक्रारीचा कागद उलटा करून ठेवला. ताई उठल्या आणि काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

बाई घाईघाईने कॉम्प्युटरकडे वळल्या. "ताई, खरं केंद्र आत्ता उघडून देते. मोफत आहे. सोमवारच्या हप्त्याच्या आत त्यांच्याशी बोलणं होईल. बसा इथं."

त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि टाइप करायला हात पुढे केला.

"बाई," ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्तच लागला. "तुम्ही उठा जरा. काका बसतील."

बाई उठल्या आणि त्यांनी काकांना जागा दिली.