शैलाआजींचं बंद पान

अनीशचा फोन आला तेव्हा अश्लेषाचा घास हातातच राहिला. वुडलँड्सच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, ती नुकती कुठे जेवायला बसली होती.

"माझ्या आईच्या आजाराच्या नोंदीचं बंद ठेवलेलं पान गुरुवारी तीन चाळीसला कुणीतरी उघडलंय. अकरा मिनिटं उघडं होतं," तो म्हणाला. "केंद्राच्या ॲपवर नीलिमाचं नाव दिसतंय. मी पाचला येतोय. तोवर तिला काढा, नाहीतर मी वर तक्रार करतो."

सेम्बावांगच्या त्या केंद्रात दिवसभर आठ वृद्ध असत. त्यांची माहिती नको त्या हातात पडू नये, हे बघणं अश्लेषाचं काम. खासगी माहिती जपण्याचा नवा कायदा लागू होऊन दोनच वर्षं झाली होती आणि सगळे त्याला वचकून होते.

अनीशच्या आईला, शैलाआजींना, विस्मरणाचा आजार सुरू झाला होता. ते त्यांना कळू नये म्हणून अनीशने ते पान बंद करवून घेतलं होतं. नर्सने बघायचं, आजींना दाखवायचं नाही. आपल्याकडे आजार साऱ्या गोतावळ्याला सांगतात, फक्त ज्याला झालाय त्याला सांगत नाहीत.

केंद्रातली नर्स नीलिमा मूळची सांगलीची. नोकरी गेली की या परक्या देशात राहण्याचा पासही जाणार आणि महिन्याभरात गाशा गुंडाळावा लागणार. अश्लेषा केंद्रात पोचली तेव्हा तिचे डोळे रडून सुजले होते.

"तीन चाळीसला कुठे होतीस?"

"न्हाणीघरात. मिस्टर लिमना अंघोळ घालत होते."

"कुणी पाहिलं?"

"मिस्टर लिमनी. पण ताई, त्यांना सकाळची न्याहारीही आठवत नाही."

"पासवर्ड कुणाला दिलास?"

"आईशप्पथ, कुणालाही नाही."

"टॅब्लेट कुठे होता?"

"हॉलमध्ये. स्मरणशक्तीचे खेळ त्याच्यावरच असतात. केंद्रात तो एकच आहे. सकाळी मी माझ्या नावाने चालू करते, तो संध्याकाळपर्यंत चालूच. घाईत खेळ बंद झाला की मागे नोंदी दिसतात." ती थांबली. "गुरुवारी परत आले तर पडद्यावरची अक्षरं भलतीच मोठी झालेली. मी लहान केली."

अश्लेषाने नोंदी तपासल्या. यादीत आठ नावं, उघडलेलं पान मात्र एकच. व्यवस्थापक मिसेस गो यांनी चार कर्मचाऱ्यांची यादी पुढे ठेवली. तिघं त्या वेळी दारातल्या कॅमेऱ्यात दिसत होते, बसमधून सामान उतरवताना.

"सो मस्ट बी हर, लाह," मिसेस गो तिथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाल्या.

अश्लेषाला बसवेना. घड्याळात अडीच झाले होते. ती हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागली. शैलाआजी टॅब्लेटवर चित्रांच्या जोड्या लावत होत्या. नीलिमाने दुपारची गोळी दिली, आजींनी ती मुकाट्याने घेतली.

"काही विचारत नाहीत?" अश्लेषाने हळूच विचारलं.

"आधी रोज विचारायच्या, गोळी कसली म्हणून. अनीशसरांनी सांगितल्याप्रमाणे मी 'ताकदीची' म्हणायचे. शुक्रवारपासून विचारणंच बंद केलंय."

अश्लेषा जागच्या जागी थांबली.

रॅफल्स प्लेसच्या बँकेतून अनीश पाचच्या ठोक्याला आला. मिसेस गो आणि नीलिमाही हॉलमध्ये होत्या. अश्लेषाने सगळ्यांना आजींच्या टेबलाभोवती बसवलं.

"आपण चार माणसं मोजली," ती म्हणाली. "त्या दुपारी इमारतीत आणखी आठ जण होते. म्हातारी माणसं काय करणार, असं धरून आपण त्यांना मोजलंच नाही. टॅब्लेट नीलिमाच्या नावाने चालू होता, म्हणून नोंद तिच्या नावावर पडली. चोरट्याने आठातली चार पानं तरी चाळली असती. इथे एकच उघडलं, अक्षरं मोठी करून, सावकाश वाचलं. आणि दुसऱ्या दिवसापासून एका माणसाने रोजचा प्रश्न विचारणं सोडलं, कारण उत्तर मिळालं होतं."

अनीशने आईकडे पाहिलं.

"तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली मी, यंत्रांची सवय आहे मला," शैलाआजी म्हणाल्या. "चित्रं गेली आणि नावं आली. त्यात माझं होतं, ते उघडलं. दुसऱ्याचं कशाला वाचू? नीलिमाला यात ओढू नका."

अश्लेषाला लाज वाटली. ते पान बंद करण्याच्या अर्जावर सही तिचीच होती, आणि आजींना विचारावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

अहवालात तिने लिहिलं: खेळ आणि नोंदी एकाच टॅब्लेटवर ठेवणं ही केंद्राची चूक. पान वाचणारी व्यक्ती हीच त्या माहितीची मालक. नीलिमा कामावर राहील. मिसेस गो यांनी चष्मा पुसून सही केली.

नीलिमा संध्याकाळची गोळी घेऊन आली. आजींनी ती तळहातावर घेतली आणि मुलाला विचारलं, "ही कसली रे?"

अनीशने खुर्ची आईजवळ ओढली. "विसरायला होतं ना आई, त्याची," तो म्हणाला.

आजींनी गोळी गिळली, वर पाणी प्यायल्या आणि पिशवीतली वही त्याच्यापुढे सरकवली.

"इथे लिहून ठेव," त्या म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात."